पुलावरचा भोंगा

मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे, मित्रांनो. मेहकरच्या एका गॅरेजमागे बाभळीखाली मी उभी असते. माझ्या मागच्या सीटवर हल्ली एक कोंबडी अंडी घालते. हसा खुशाल! एके काळी त्याच सीटवर जागेसाठी भांडणं व्हायची.

मला कारखान्यात कोणी जोडलं ते मला आठवत नाही. मला आठवतो तो अकरमभाई. त्यानं मला घेतलं, काळा-पिवळा रंग दिला आणि मलकापूरच्या बाजारातून एक तीन सुरांचा भोंगा आणून बसवला. त्या भोंग्यानं मी फार शेफारले, हे कबूल करते. मेहकर ते सुलतानपूर माझ्या फेऱ्या चालायच्या. वळणावर भोंगा वाजला, की बायका चुलीवरचं तसंच टाकून निघायच्या. "अकरमभाई आला वं, निंघ लवकर!" अशी हाक घराघरांतून ऐकू यायची. बारा माणसांची जागा आणि वीस माणसं, वर दोन बकऱ्या. पण कोणाला मागे ठेवून मी कधी गेले नाही.

ती बीटी कापसाची वर्षं होती. बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसं हसतखेळत गावी जायची. पुढे बोंडं गळाली, की तीच माणसं खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. त्यांच्या गप्पपणाचं ओझं मला दोन बकऱ्यांपेक्षा जास्त वाटायचं.

मग मेहकरात एका मोठ्या कचेरीची शाखा निघाली. दुसऱ्यांच्या कामाची तपासणी करून अहवाल लिहून देणं, हा त्या कचेरीचा धंदा. एका बियाणे कंपनीनं तिला काम दिलं होतं. कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतांवर लहान मुलं राबत नाहीत ना, कोणाला बळजबरीनं ठेवलेलं नाही ना, ते बघायचं. या कामासाठी कचेरीनं मला भाड्यानं ठेवलं. माझ्या काचेवर 'तपासणी' असा कागद चिकटला. मी आणखीच शेफारले.

तपासणीला यायच्या सायरा मॅडम. वयानं लहान, मनानं सरळ, आणि कुत्र्यांना फार भिणाऱ्या. जानेफळच्या पुढे नाल्यावर एक पूल आहे. त्यापलीकडे माणिकरावाचे बियाण्याचे प्लॉट होते. तो पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला, "अकरमभाई, पुलावर आले का भोंगा वाजोत जा. कुत्रे लय खराब आहेत आमचे. मॅडमले चावले तं?"

केवढा भला माणूस, असं आम्हा तिघांनाही वाटलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी आम्ही पुलावर आलो, की मी माझे तिन्ही सूर लावून वाजायची. शेतात जाऊन बघावं, तर मोठ्या बायकाच कामाला. मॅडम माणिकरावाला प्रश्न विचारायच्या, तो उत्तरं द्यायचा आणि फॉर्म भरला जायचा. लहान मुलं नाहीत. सक्ती नाही. कुत्राही कधी दिसला नाही, पण तो बांधलेला असेल, असं मी समजले.

एक गोष्ट मात्र मी बघत होते, मित्रांनो. माझे दिवे माणसाच्या गुडघ्याइतके खाली. त्यामुळे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काढून ठेवलेल्या चपला मला आधी दिसायच्या. बायका पाच-सहा असायच्या आणि चपला वीस-बावीस जोड. त्यातल्या कितीतरी अगदी एवढ्याएवढ्या. मी त्या बघितल्या आणि आपल्याच भोंग्याच्या तोऱ्यात राहिले.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. मॅडम शेतात गेल्या होत्या. माझ्या पोटाखाली काहीतरी हाललं. तेल गळतंय का, म्हणून अकरमभाई वाकला, तर चाकाआड एक मुलगी अंग चोरून बसलेली. बोटं परागानं पिवळी झालेली.

"काऊन लपली वं पोरी?"

"तुमचा भोंगा वाजला ना, चाचा. भोंगा वाजला का तुरीत पळा लागते. माह्या पायात काटा गेला, तं मी मागं राह्यली."

"अवं, भोंगा तं कुत्र्यांसाठी आहे!"

"कुठी कुत्रे? इथं कुत्रे नाहीत, चाचा."

तिचं नाव प्रतीक्षा. ती सुलतानपूरची होती. सहावीत नाव होतं. मागच्या हंगामात त्यांच्या वावरातली बोंडं गळाली, म्हणून यंदा पंधराच दिवसांचं काम सांगून माणिकरावानं तिला पोळ्याआधी आणलं. संध्याकाळी कळ्या सोलायच्या, सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग त्यांच्यावर घासायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. या कामाला लहान बोटं बरी, असं त्याचं म्हणणं.

"मंग घरी काऊन नाही जात?"

"मायचं रेशनकार्ड माणिकभाऊपाशी आहे. हंगाम झाल्याबिगर देत नाही म्हंते. माय आली होती न्याले, तिले पुलावरूनच वापस धाडलं." मग तिनं अकरमभाईची बाही धरली. "सांगू नका, चाचा. बाकीच्या पोरींचं जेवण बंद होते."

अकरमभाईनं तिच्या पायातला काटा काढला. पण त्या दिवशी तो काही बोलला नाही. खोटं कशाला सांगू? कचेरीचं भाडं सुटेल, याची त्याला भीती वाटली. परतताना मॅडम म्हणाल्या, "इथलं काम फार व्यवस्थित आहे हो, अकरमभाई." त्यानं गिअर इतक्या जोरात टाकला, की माझे दात खिळखिळे झाले. माझी तर मान खाली गेली होती. ज्या आवाजावर सगळं गाव धावत यायचं, त्याच आवाजावर पोरी काट्याकुट्यांतून पळत होत्या.

पुढची फेरी आली. पूल आला. अकरमभाईनं मला थांबवलं, बॉनेट उघडलं आणि भोंग्याची वायर उपटून काढली.

"अहो, कुत्रे?" मॅडम घाबरल्या.

"कुत्रे नाहीत तिथं, मॅडम. कधीच नव्हते." त्यानं सगळं सांगितलं. मागच्या वेळी आपण गप्प बसलो, तेही सांगितलं.

मॅडमनी मांडीवरचे फॉर्म बघितले. "म्हणजे आपलीच गाडी त्यांना सावध करत होती?"

"हाव मॅडम. आपलीच."

पुलाच्या उतारावर त्यानं इंजिन बंद केलं. मी मुकाट्यानं घरंगळत खाली गेले. जन्मात इतकी हळू मी कधी गेले नसेन. कपाशीच्या ओळींत सोळा मुली वाकलेल्या होत्या. कोणी पळालं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. प्रतीक्षानं आधी मला बघितलं, मग पुलाकडे बघितलं. "भोंगा नाही वाजला," ती एवढंच म्हणाली.

त्या दिवशी मॅडमनी फॉर्म काढला नाही. आधी प्रत्येकीचं नाव विचारलं आणि मग कामगार खात्यात फोन लावले. अधिकारी येईपर्यंत त्या धुऱ्यावरून हलल्या नाहीत. माणिकरावाच्या पेटीतून रेशनकार्डं निघाली आणि ज्यांची त्यांना मिळाली. पुढे कचेरीतही मोठी चर्चा झाली. सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्याच ड्रायव्हरला, आपल्याच झाडूवालीला कधी काही विचारलं नव्हतं. त्यानंतर न कळवता जायचं ठरलं, मालक जवळ नसताना मजुरांशी बोलायचं ठरलं आणि तपासणीचा पहिला फॉर्म आपल्याच कचेरीतल्या माणसांना विचारून भरायचं ठरलं.

मी मात्र त्या दिवशी प्रतीक्षाला घेऊन सुलतानपूरला गेले. गावाच्या वळणावर अकरमभाईनं वायर जोडली. त्याला वाटलं, पोरीच्या आईला कळावं. भोंगा वाजला मात्र, आणि प्रतीक्षा झटकन सीटखाली शिरली. डोकं गुडघ्यांत घालून बसली.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य एका बाजूला आणि तो एक क्षण एका बाजूला. मला रडता येत नाही, म्हणून अकरमभाई रडला.

तेवढ्यात पिठानं भरलेल्या हातांनी सिंधूताई, तिची आई, धावत आली. तिनं तो भोंगा ओळखला होता. ती माझ्या सीटखाली वाकली आणि पोरीला तिनं तशाच पिठाच्या हातांनी कवटाळलं. कितीतरी दिवसांनी माझ्या आवाजावर कोणीतरी माझ्याकडे धावत आलं होतं.

आता माझा भोंगा गंजला. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, साहेब व्हाल, कुठे तपासणीला जाल. तेव्हा वाजतगाजत जाऊ नका, आणि जाल तिथे आधी खाली बघा. तुमच्या वर्गातलं कोणी पंधरा दिवसांसाठी म्हणून कामाला गेलं आणि त्याची जागा रिकामीच राहिली, तर गुरुजींना विचारत राहा. त्या एवढ्याएवढ्या चपला मी पहिल्याच दिवशी बघितल्या होत्या, मित्रांनो. मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.