वेणूबाईचा सुपारी सोलायचा पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो, फणसाच्या लाकडाचा. देश स्वतंत्र झाला त्या साली वेणूबाई दिवेआगरच्या वाडीत सून म्हणून आली आणि माझ्यावर बसून सुपारी सोलू लागली. पाट कसा गुळगुळीत झालाय, असं तिची सासू नीराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला भारी अभिमान वाटायचा.

काम दिवसभर बसून. बायकांनी परसाकडे जायचं ते उजाडायच्या आत. एरवी कळ आली तरी वेणूबाई दाबून धरायची, पुन्हा जावं लागू नये म्हणून पाणीही घोटभरच प्यायची. मग कुंथणं आलं. एके दिवशी माझ्यावर लालभडक थेंब पडला. तिनं तो राखेनं घासून टाकला आणि कावळा शिवला असं सांगून बाजूला जाऊन बसली. मग कोण कशाला विचारतंय?

पण झाकलं म्हणून दुखणं थांबत नाही. पुढे कुंथताना मोड बाहेर यायचा, आपला आपण आत जायचा. वर्षभरानं तो बोटानं सारावा लागू लागला. शेवटी बाहेरच राहिला. बिचारी माझ्यावर एका अंगावर कलून बसायची. चेहरा पिवळा पडला होता. मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी बाजूला बसायला म्हणून ती उठली आणि चक्कर येऊन पडली. विटाळ कडक पाळणारी नीराबाई धावली, तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

"शिवू नका, आत्या," वेणूबाई पुटपुटली.

"म्हयन्यातून तीनदा कावला शिवतो व्हय गो? काय लपवतेस, सांग मला."

वेणूबाई रडली आणि तिनं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत गोधडी अंथरून सासूनं तिला बोर्लीच्या डॉक्टरांकडे नेलं. ही मूळव्याध आहे, नुसतं रक्त दिसत होतं तेव्हा आला असतात तर ताक, पालेभाजी आणि भरपूर पाण्यावर भागलं असतं, आता कापावं लागेल, असं ते म्हणाले. कापलं, आणि वेणूबाई वाचली. ती घरी आली तोवर नीराबाईनं मुलाच्या मागे लागून वाडीत झावळ्यांच्या आडोशाचा संडास बांधून घेतला होता. कोमट पाण्याच्या घंगाळात ती सुनेला हाताला धरून बसवी, कावळा खरोखर शिवलेला असला तरीही.

आता मी चिरलोय, अडगळीत पडून असतो. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी पाटावर कलून बसत असेल, तर शेजारी बसून मायेनं विचारा. मी लाकूड. मला सगळं कळत होतं, पण विचारता आलं नाही.