सरळ रेषेत दोनशे बारा किलोमीटर

सकाळी सातच्या विमानाला एकोणचाळीस प्रवासी होते, दोन वैमानिक, एक सेविका, सत्तावीस बॅगा आणि शेवटच्या रांगेत एक रिकामी खुर्ची. ती खुर्ची विमानतळावरच्या नियोजन अधिकारी बाईने स्वतःसाठी धरून ठेवली होती.

या छोट्या विमानतळावर उड्डाणाचं नियोजन तिच्याकडे होतं. वारा, वजन, इंधन बघून ती कागद तयार करी. त्यावर तिची आणि कॅप्टनची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. डोंगरापलीकडचा विमानतळ सरळ रेषेत दोनशे बारा किलोमीटरवर, म्हणजे पस्तीस मिनिटांवर. त्याच गावातल्या इस्पितळात तिचे वडील होते. पहाटे भावाचा फोन आला होता, "ताई, डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघेल असं वाटत नाही. लगेच ये."

पण पलीकडे धुकं होतं. धावपट्टीवर तीनशे मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. उतरायला आठशे तरी दिसावं लागतं.

"मॅडम, गाडी काढू का?" सहाच्या सुमारास विमानतळाच्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं. "वळसा आहे, पण बारापर्यंत दारात सोडतो."

"सहा तास? अरे, आठला धुकं उठेल. पस्तीस मिनिटांत पोचते मी."

भावालाही तिने तेच सांगितलं.

दर अर्ध्या तासाला पलीकडून आकडा येई. साडेतीनशे. चारशे. पुन्हा तीनशे. दर वेळी ती म्हणे, आणखी अर्धा तास बघू. सहा तासांच्या रस्त्यापुढे अर्धा तास म्हणजे किस झाड की पत्ती!

साडेनवाला भावाने फोन वडिलांच्या कानाशी धरला.

"पोरी, कुठवर आलीस?"

"पस्तीस मिनिटांवर आहे, बाबा."

"सकाळीही तेवढंच सांगितलंस म्हणे." धाप लागली तरी ते हसले. "विमान ढकलत आणतेस की काय?"

तीही हसली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिने नळाखाली तोंड धरलं.

अकराला आकडा सहाशेवर चढला. कॅप्टन तिच्या टेबलाशी आला. "इंधन जास्त घेऊ, वर घिरट्या घालत थांबू. करतेस सही?"

काचेपलीकडे एक बाई लेकराच्या बुटाची नाडी बांधत होती.

"आठशे होऊ देत."

"अगं, तुझे वडील आहेत तिकडे."

"म्हणूनच, सर. आज माझ्या अंदाजावर माझाच भरवसा नाही."

एक वाजता भावाचा फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज. मग तो म्हणाला, "दाराकडेच बघत होते गं शेवटपर्यंत."

बाहेर ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. बारा वाजून तास उलटला होता. हा हिशेब तिला मांडावा लागला नाही.

अर्ध्या तासाने आठशेचा आकडा आला. तिने सही केली, कॅप्टनची घेतली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली. वर वारा पाठीमागून होता, चांगला जोराचा. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पलीकडे टेकेपर्यंत एकतीस मिनिटं लागली.