हात थांबला की रेघ

आमचे विज्ञानाचे मासिक निघत असे, त्या काळी घरात एक नियम होता. कोणताही लेख छापखान्यात जाण्यापूर्वी सासूबाईंपुढे वाचला जाई. सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्या ताटली घेऊन मटार सोलत बसत, आमचे हे स्टुलावर बसून मोठ्याने वाचत आणि मी पेन्सिल घेऊन शेजारी. दाणे टपटप पडत राहिले की लेख ठीक. सासूबाईंचा हात थांबला की मी त्या वाक्याखाली रेघ ओढायची. ते वाक्य लेखकाने पुन्हा लिहायचे. एका नामांकित प्राध्यापकांनी मला विचारले, ‘‘म्हणजे माझा लेख तुमच्या मटारांवर अवलंबून?’’ मी म्हटले, ‘‘होय.’’ त्यानंतर ते फार छान लिहू लागले.

पुढे सासूबाई गेल्या, मग हे, मग मासिकही. ताटली तेवढी मी कोणाला दिली नाही.

माझी नात औषधांवर संशोधन करते. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, या विषयावरचा तिचा निबंध नुकताच प्रसिद्ध झाला. पूर्वी असे निबंध वाचायला पैसे मोजावे लागत. हा इंटरनेटवर साऱ्या जगाला खुला आहे, असे तिने मला चारचारदा सांगितले. मला अभिमान वाटला. तो मी बेताने दाखवला.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आलेली असताना खालच्या मजल्यावरचे टेलरकाका उशांचे अभ्रे घेऊन आले. आमच्या तीन पिढ्यांचे कपडे त्यांनी शिवले आहेत. आल्या आल्या त्यांनी नातीचे तोंड भरून कौतुक केले. निबंध त्यांनी फोनवर मराठीत करून वाचला होता आणि त्याप्रमाणे आपली रक्तदाबाची गोळी बंदही केली होती.

नात ताडकन उठली. तिने परोपरीने समजावले, पण काका हटेनात.

‘‘शेवटी स्वच्छ लिहिलंयस, फरक आढळला नाही. मग उगाच कशाला गिळायची? आपल्या घरच्या पोरीनं शोधलंय म्हणून तर विश्वास ठेवला. आता लिहिलेलं खरं धरू की बोललेलं?’’

गोळी सोडल्यापासून डोके जड असते, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले. मी त्यांना खुर्चीत बसवले, अभ्र्यांची राहिलेली शिलाई इथेच पुरी करा म्हटले, आणि नातीला कागद दिला. लिहिलेल्याला लिहूनच उत्तर द्यायला हवे होते.

तिने भराभर लिहिले आणि वाचू लागली. काकांची सुई चालू होती. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ आले आणि सुई थांबली. मी रेघ ओढली. ‘यादृच्छिक विभागणी’शी पुन्हा थांबली. पुन्हा रेघ.

‘‘आजी, इतकं सोपं केलं तर आमचे सर हसतील.’’

‘‘हसू देत. तुझ्या सरांनी गोळी सोडलेली नाही.’’

तिने रागाने कागद पुढे ओढला. मग खाली मान घालून तिने सगळे खोडले आणि नव्याने लिहिले. या वेळी सावकाश वाचले: ‘‘रोज गोळी घेणाऱ्या माणसांचे आम्ही दोन गट केले. एका गटाने ती सकाळी घेतली, दुसऱ्याने रात्री. दोन्ही गटांचा रक्तदाब सारखाच उतरला. गोळी मात्र कोणीही सोडली नव्हती.’’

सुई सरळ चालली होती. अगदी शेवटी थांबली. नातीने पेन्सिलीकडे हात नेला. मी तो धरला. हे थांबणे वेगळे होते. सासूबाईही कधीकधी असा दाणा बोटांत धरून बसत.

‘‘कोणीच नव्हती सोडली?’’ काकांनी विचारले.

‘‘कोणीच नाही, काका.’’

त्यांनी सुई अभ्र्यात खोचली. खिशातल्या खडूशेजारून गोळ्यांची पट्टी निघाली. फेकून देण्याचे धाडस त्यांचेही झाले नव्हते. नातीने आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, आता घेतली तरी चालेल ना ते विचारले, आणि मग पाणी आणून दिले.

‘‘पण मग सकाळी घेऊ की रात्री?’’

‘‘लक्षात राहायला सोपं पडेल तेव्हा,’’ ती म्हणाली. ‘‘पण रोज त्याच वेळी.’’

‘‘हे वर का नाही लिहिलंस?’’

तिने तेही लिहिले. त्याच दिवशी तो मजकूर तिने निबंधाच्या पानावर सर्वांत वर लावला.

पुढचा निबंध लिहायला घेशील तेव्हा येताना मटार घेऊन ये, असे मी तिला बजावले आहे. ताटली घासून ठेवली आहे.