मण्यापुरतं सोनं

शिवम्माने चिमट्याने निखाऱ्यातला दगड उचलला आणि बादलीत सोडला. पाणी चर्रर्र वाजलं, वाफ तिच्या तोंडावर आली. दगड आतल्या आत तडकल्याचा बारीक आवाज सोप्यात घोंगडीवर पडलेल्या बंडप्पालाही ऐकू गेला.

"लगीच फोडू नगं," तो म्हणाला. "गार होऊ दे. मग हातानं बी सुटतोय."

एवढं बोलल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत शिवम्मा चिमटा धरून उभी राहिली. आधी ती पाणी घेऊन धावायची. पाण्याने काही होत नाही, हे आता दोघांनाही कळलं होतं.

त्यांच्या लग्नात सोनं नव्हतं. काळ्या पोतीत हळकुंड ओवलं आणि अक्षता पडल्या. मणी मागनं करू, असं बंडप्पा मांडवातच म्हणाला होता. लोक म्हणतात आणि विसरतात. हा विसरला नाही. दोन वर्षांनी तो दक्षिणेत सोन्याच्या खाणीत गेला आणि सहा वर्षं जमिनीखाली दगड फोडत राहिला. वर्षाकाठी चार दिवस यायचा. या संक्रांतीला सोलापूरच्या गाडीतून उतरून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या छातीत खाणीची धूळ होती आणि कमरेच्या फडक्यात चोरून आणलेले पाच दगड. लोहारा गावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि आवडेल ते खायला घाला म्हणून सांगितलं.

शिवम्माला रडू आलं नाही. लोकांना ते विचित्र वाटलं, तिलाही वाटलं. लवंगेचं तेल लावलेल्या दाढेसारखी ती आतून बधिर झाली होती. सहा वर्षांत नवऱ्याची सवयच लागली नव्हती, आणि आता लावून घ्यायला दिवस उरले नव्हते. तो सांगेल ते काम तेवढं ती करी.

काम त्याने पहिल्याच दिवशी समजावून दिलं होतं. दगड तापवायचा, विझवायचा, लोखंडी खलात कुटायचा, फडक्यातून चाळायचा. मग भाकरीच्या काठवटीत ती भुकटी घेऊन पाण्यात हळूहळू हेलकावायची. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं.

"उन्हात काय बी चमकतंय," तो म्हणाला होता. "सावलीत धरून बघ. सावलीत बी पिवळं दिसलं तर सुई टोच. खोटं असंल तर चुरा हुईल. खरं असंल तर नुस्ता खड्डा पडंल."

मग म्हणाला, "आन् तोंडाला पदर बांध. आमाला कुणी सांगितलं न्हाय."

"उकडतंय," असं म्हणून तिने बांधला नव्हता. खरं तर धूळ छातीत गेली काय आणि न गेली काय, तिला सारखंच होतं.

चार दगड झाले. काठवटीच्या तळाशी काळी रेती तेवढी राहायची. चूल पेटवायच्या वेळी तो विचारायचा, "घावलं?"

"न्हाय."

शेजारची शांतम्मा रोज ताक घेऊन यायची. म्हातारीने गावातली पुष्कळ माणसं जाताना पाहिली होती. एकदा ती शिवम्माला लिंबाखाली घेऊन गेली.

"अंगावर मास ऱ्हायलं न्हाय, तरी धरून हाय बग. त्येचा जीव मण्यात अडकलाय. लवकर कर, बाई. सुटू दे त्येला."

शिवम्माने मान हलवली. बंडप्पाही तेच म्हणायचा, "तुझ्या गळ्यात मणी बघितला की म्या मोकळा." आजवर तिने ते नुसतं बोलणं म्हणून ऐकलं होतं.

पाचव्या दगडावर गंजासारखा तांबडा डाग होता. त्याचा अर्धा भाग कुटून तिने काठवट फिरवली. काळ्या रेतीच्या शेपटाला एक पिवळी रेघ राहिली. काठवट तिने लिंबाच्या सावलीत नेली. रेघ पिवळीच होती. सुई टोचली, तर मऊ खड्डा पडला. कण कण बोटावर गोळा केले. सगळे मिळून बाजरीच्या दाण्याएवढे भरले. मण्याला तेवढं पुरे होतं.

आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तो झाला नाही. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

"घावलं?" सोप्यातून आवाज आला.

"न्हाय," शिवम्मा म्हणाली.

"डागाच्या दगडात बी न्हाय?"

"निम्मा ऱ्हायलाय अजून."

घरात जाऊन तिने गळ्यातल्या हळकुंडाला सुईने भोक पाडलं, त्यात ते कण दाबून बसवले आणि वरून कुंकवाचं मेण लावलं.

उरलेला निम्मा दगड दोन दिवसांत संपला. तिसऱ्या दिवशी ती बांधावर गेली आणि ओटीभर पांढऱ्या गारगोट्या वेचून घेऊन आली. त्या तापवल्या, विझवल्या, कुटल्या. आठवडा गेला. बंडप्पा अर्धी वाटी आंबील प्यायचा, ती आता त्यात लसणाची फोडणी घालू लागली होती. चूल पेटवायच्या वेळी तो विचारायचा आणि ती न्हाय म्हणायची.

एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता. ती कुटत होती.

"शिवम्मा, ह्यो दगड कुठला?"

बत्ता थांबला.

"तुमचाच की."

"माझा दगड दबका वाजतोय. सहा वर्सं त्योच आवाज ऐकलाय म्या. ही आपल्या बांधावरची गारगोटी हाय."

शिवम्माचा हात आपोआप गळ्याशी गेला. बंडप्पाने डोळे उघडले. त्याची नजर तिच्या बोटांवर गेली, मग बोटांखालच्या हळकुंडावर, त्यावरच्या ताज्या मेणावर.

त्याने घाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. घोंगडी सरकली, ती त्याने ओढून घेतली.

"थांबलीस का?" तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "कुट."

शिवम्माने बत्ता उचलला.

"आन् पदर बांध."

तिने पदर नाकातोंडावरून घेतला, मानेमागे घट्ट गाठ मारली आणि दुसरी गारगोटी खलात टाकली.