तांब्याशेजारी अ‍ॅल्युमिनियम

लेकीच्या कॉम्प्युटरला पाण्याची नळी जोडायची आहे हे ऐकून आप्पा आजारपणात पहिल्यांदाच खो खो हसले. मग धाप लागली, तेव्हा तिनेच त्यांना पाठीला उशी देऊन बसतं केलं. चाळीस वर्षं लोकांच्या घरात नळ जोडत आलेला माणूस. पाण्याला विजेच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही, हे एक व्रत तेवढं त्यांनी नीट पाळलं होतं. आणि आता घरचीच पोरगी हे करायला निघाली होती.

"आप्पा, पाणी बंद नळीतच फिरतं," ती म्हणाली. "पंप ढकलतो, आतला तापलेला भाग पाण्याला उष्णता देतो, रेडिएटरमध्ये ते निवतं आणि परत फिरतं. मग हे पंखे एवढे बोंबलणार नाहीत."

पंखे बोंबलत होते हे मात्र खरं. लेक अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करायची. बिल्डर ती दाखवून घरं विकायचे. एकेका चित्राला मशीन सहा-सहा तास राबायचं आणि टेबलाखालच्या खोक्यातून पिठाची गिरणी सुरू व्हायची. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. एका भिंतीला टेबल, दुसऱ्या भिंतीला आप्पांची खाट, मध्ये एक खुर्ची मावेल एवढी जागा. आप्पांचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, औषधाइतकीच झोप हवी. आणि झोपेचं तर खोबरं झालेलं.

थोरल्या मुलाने शेवटी निकाल लावला. "पंधरा दिवसांनी रविवारी येतो. तोवर हा गोंगाट थांबला नाही तर आप्पांना शुश्रूषा केंद्रात नेतो. जागा बघून ठेवलीय. बागबीग आहे." थोरला काही वाईट नव्हता. बहिणीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला दिसत होती. पण बागेचं नाव काढलं की आप्पा भिंतीकडे तोंड करायचे. अनोळखी खोलीत, अनोळखी छताकडे बघत पडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हे बोलायचं कुणाला? लेकीला बोलले असते तर ती हट्टाला पेटली असती, आणि तिच्या अंगात हट्टाचंही त्राण उरलेलं नव्हतं. एकदा दूध तापेपर्यंत ती कपाटाच्या दाराला कपाळ टेकून उभ्या उभ्या झोपली होती. आप्पांनी खाटेवरून पाहिलं होतं.

तर लेक सुटे भाग निवडायला बसली. काम संपलं की यादी घेऊन खाटेच्या कडेला यायची. हा पंप की तो? टाकी उभी की आडवी? आप्पा डोळे मिटून सल्ले द्यायचे.

"पंप टाकीच्या खाली हवा. कोरडा फिरला की गेलाच म्हणून समज. आणि वळणं कमी ठेव, प्रत्येक एल्बोला पाणी दमतं."

"नळी पारदर्शक घेतेय. बुडबुडे दिसतात."

"हे मात्र आमच्या वेळी नव्हतं. आम्ही भिंतीला कान लावायचो."

एकदा तर तिची चूक त्यांनी पडल्या पडल्या पकडली. नळीची आतली रुंदी तिने बरोबर घेतली होती, पण बाहेरची जाडी जोडाला बसत नव्हती. "आतलं बघून नळी घेणारे माझे दोन मदतनीस होते," आप्पा म्हणाले. "दोघांनी पुढे कापडाचं दुकान टाकलं." लेक हसली. त्या हसण्यावर आप्पांचा एक दिवस बरा गेला.

गुरुवारी शेवटचं खोकं आलं. तिने रेडिएटर काढून त्यांच्या हातात दिला. हातात घेताच आप्पांना कळलं. वजनच नव्हतं त्याला. कडेला रंग खरवडला होता, तिथे पांढुरकी चकाकी दिसत होती. अ‍ॅल्युमिनियम. आणि प्रोसेसरवर बसायचा ठोकळा तर तांब्याचा. एकाच पाण्यात हे दोन धातू ठेवले की तांबं शाबूत राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं. मग एके दिवशी गळती. इथे खाली बादली नव्हती; इथे खाली लेकीची रोजीरोटी होती.

तांब्याचा रेडिएटर मिळायला वेळ लागतो हे तिनेच मागे सांगितलं होतं. म्हणजे बोललं की काम अडलं. काम अडलं की रविवार, थोरला आणि बाग.

"बरा आहे," आप्पा म्हणाले आणि तो परत दिला.

आयुष्यात लबाड जोड त्यांनी कधी केला नव्हता. काम झालं की प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवायचा आणि समोर बसून राहायचं, ही त्यांची रीत. घरमालक म्हणायचे, हा गडी बसून चहा उकळतोय. उकळू दे. कागद कोरडा राहिल्याशिवाय आप्पा पाना पिशवीत टाकत नसत. आणि आता पोटच्या पोरीला फसवून खाटेवर पडून होते. शुक्रवारभर त्यांना स्वतःची किळस आली.

शनिवारी दुपारी तिने पाणी भरलं. मशीन बंद ठेवून नुसता पंप चालवला, जोडांखाली कागद पसरले. तीन तासांनी कागद कोरडे ठणठणीत. मग तिने मशीन सुरू केलं, मोठं चित्र लावलं आणि दोघं ऐकत राहिले. ऐकायला काही नव्हतंच. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे आप्पांना कित्येक महिन्यांनी कळलं.

लेकीने टेबलावर डोकं टेकलं. "झालं आप्पा. उद्या दादाला म्हणायचं, ऐक."

आता मात्र त्यांच्याने राहवेना.

"बाळ, बंद कर ते. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तांब्याशेजारी टिकायचा नाही. फुटेल आणि तुझं सगळं भिजवेल. मला गुरुवारीच कळलं होतं. जायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो."

तिने डोकं उचललंसुद्धा नाही. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"अ‍ॅल्युमिनियमचा आहे ते. दुकानदाराने दोनदा बजावलं. तांब्याचा यायला दीड महिना, हा लगेच मिळत होता. पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घातलंय. म्हणाला, वर्षभर निभेल, पुढचा भरवसा नाही. मी म्हटलं, वर्ष पुष्कळ झालं..."

ती उठली. मग कोरडे कागद गोळा करायला लागली, आणि गोळा केलेलेच पुन्हा नीट करू लागली.

आप्पांना डॉक्टर आठवले. त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून बाहेर लेकीशी बराच वेळ बोलत उभे राहिलेले.

"वर्षाच्या आत म्हणाले का?"

तिने होकारार्थी मान हलवली. आप्पांना भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. ती जरा ओसरल्यावर त्यांना दिसलं की पोरीने हे ओझं इतके दिवस एकटीने वाहिलं होतं. त्यांनी हात पुढे केला. ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"तांब्याचा मागव," ते म्हणाले.

"आता कशाला, आप्पा?"

"माझ्यापुरता हा चालेल. तुला पुढे कामं करायची आहेत की नाही? आजच मागव. येईल तेव्हा दोघं मिळून बदलू. आणि मी नसलो तर कागद ठेवायला विसरू नकोस."

तिने फोन काढला, मागणी नोंदवली आणि त्यांना दाखवली. मग खाटेच्या काठावर डोकं ठेवलं आणि तशीच झोपली. आप्पांचा हात तिच्या डोक्याखाली अडकला, मुंग्या आल्या, पण त्यांनी तो काढला नाही. उद्या थोरल्याला दारातच गप्प करायचं आणि आपण इथेच राहणार म्हणून सांगायचं, एवढं त्यांनी ठरवून ठेवलं.