लायब्ऱ्यांचा समेट

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजी म्हणत, कारण ते काम कमी करत आणि शिकवत जास्त. डोळ्यांच्या दवाखान्याचं ॲप बनत होतं. सोमवारी चार वाजता डॉक्टरीणबाई ते बघायला येणार होत्या, आणि त्याच दिवशी सकाळी दहाला गुरुजींना सुचलं की अपॉइंटमेंट मिळाली की स्क्रीनवर रंगीत फुलं उधळली पाहिजेत.

अशा गोष्टी कुणी मुळापासून लिहीत नाही. इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, म्हणजे लायब्ररी, आणून जोडतात. गुरुजींनी फुलांची लायब्ररी जोडली आणि ॲप तयारच होईना. फुलांच्या लायब्ररीला चित्रं दाखवणाऱ्या कोडचं नवं व्हर्जन हवं होतं, तर पेशंटचे रिपोर्ट उघडणाऱ्या लायब्ररीला जुनं. आणि ॲपमध्ये एका वेळी एकच व्हर्जन मावतं.

रिपोर्टचा भाग जिने लिहिला होता, तिने लाल अक्षरांतला एरर वाचून सांगितलं, "गुरुजी, फुलं काढा."

"अगं, एक ओळ टाकायची. सगळ्यांवर नवं व्हर्जन लादायचं. अनुभव म्हणून काही असतो की नाही?"

ओळ टाकली. बिल्ड झाला, म्हणजे ॲप एकदाचं तयार झालं. गुरुजींनी पाठ टेकून चहा मागवला. तिने ॲप फोनवर घेतलं, रिपोर्टवर बोट ठेवलं, आणि ॲप बंद पडलं.

"तुझा फोन जुना आहे," गुरुजी म्हणाले.

"पेशंटचे तरी कुठे नवे असतात?"

ती मॅनेजरकडे गेली. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "या दोन लायब्ऱ्यांचा काही समेट नाही का होणार? दोन्हीकडच्या लोकांना समोरासमोर बसवू."

"सर, त्या लिहिणारे लोक आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत."

"मग आपणच बसू."

अकरा जण बसले. दीड तासाने ठरलं की विषय गंभीर आहे, आणि फुलं मात्र छान दिसतात.

चारला डॉक्टरीणबाई आल्या. गुरुजींनी अपॉइंटमेंट घेतली, फुलं उधळली, अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. बाई फोन हातात घेऊन रिपोर्ट उघडायला गेल्या. ॲप बंद. पुन्हा केलं. पुन्हा फुलं, पुन्हा बंद.

"माझ्याकडे लोक दिसत नाही म्हणून येतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना ही फुलंही दिसणार नाहीत, आणि मला रिपोर्टही दिसत नाहीये."

मॅनेजरनी घसा खाकरला. ती उठली. "दहा मिनिटं द्या."

तिने फुलांची लायब्ररी काढली, गुरुजींची ओळ काढली आणि बिल्ड लावला. सात मिनिटांनी ॲप पुन्हा तयार झालं. मग रिपोर्ट उघडला. बाईंनी तो मोठा करून, सरकवून, नीट पाहिला आणि मान हलवली.

"हे कुणी दुरुस्त केलं?"

"टीमवर्क!" मॅनेजर म्हणाले.

"आणि बिघडवलं कुणी?"

याला मात्र टीम पुढे येईना. गुरुजी मन लावून फोनची केबल गुंडाळू लागले.

बाई गेल्यावर ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. बसली नाही.

"सर, यापुढे माझ्या मंजुरीशिवाय एकही लायब्ररी आत येणार नाही. नाहीतर पुढचा डेमो तुम्ही द्या."

"पण गुरुजी सीनियर आहेत. दुखावतील बिचारे."

"मग त्यांना मोठं पद द्या. काचेची केबिन द्या. एवढ्या मोठ्या माणसाने स्वतः कोडला हात लावणं बरं दिसत नाही, असं सांगा."

मॅनेजरना कल्पना इतकी आवडली की आठवडाभरात ती त्यांची स्वतःची झाली. गुरुजी आता मुख्य तंत्र-सल्लागार आहेत. दारावर पाटी आहे, कोड बदलायचा पासवर्ड नाही. भेटेल त्याला ते सांगतात, कामाची कदर व्हायला वेळ लागला, पण झाली. ती समोरून जाताना हसून मान डोलावते, आणि ते तिला न चुकता आशीर्वाद देतात.