जात्याची बोळवण

कच्.

जेवताना त्या घरात कुणी बोलत नसे, म्हणून एवढासा आवाजही चुलीपर्यंत आला. धर्मानं घास तोंडात तसाच धरला, जिभेवरचा खडा बोटावर घेऊन निरखला आणि ताटाच्या कडेला पुसला. सुनेकडे, गिरजाकडे, त्यानं नुसतं बघितलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"नाचणी निवडलीस का गो?" सासूनं, बाईजानं विचारलं.

"दोनदा निवडली, आत्याबाय."

"मग उद्या तीनदा निवड."

किन्हवलीत पिठाची गिरणी यायच्या आधीची ही गोष्ट, सदतीस-अडतीस सालातली. तेव्हा कुणाचं जातं ओढतंय ते अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. शेजारच्या सकुबाईचं जातं खोकायचं, देवळापाशी राहणाऱ्या राहीआजीचं घुमायचं. एखादं जातं गप्प राहिलं, तर त्या घरी कुणी आजारी आहे का म्हणून शेजारीण डोकावून जायची. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ते सगळे आवाज आता बुडाले.

गिरजाच्या घरचं जातं नवं होतं. पौषात म्हशाच्या जत्रेतून धर्मानं स्वतः आणलेलं. जत्रा उलगत आली होती, विठू पाथरवटाकडं एकच जातं उरलं होतं, आणि ते धसईपर्यंत परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. निम्म्या भावात दिलं त्यानं. परतीच्या वाटेवर बैल जिथं जिथं पाण्याला थांबले, तिथं तिथं धर्मानं भेटेल त्याला हा सौदा सांगितला. घरी आल्यावर बाईजानं जात्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिली मूठ गिरजानं घातली आणि ओवी म्हटली ती तिच्या चार वर्षांच्या रंगूच्या नावानं.

नवा दगड खर, म्हणजे दगडाची भुकटी, टाकतोच. म्हणून सात दिवस त्यात नुसता कोंडा दळून टाकायचा, ही रीत. गिरजानं दहा दिवस दळला. फाल्गुन लागला तरी भाकरीत कचकच होतीच. पण सौदा सासऱ्याचा, दगडाला नाव कोण ठेवणार? नाव गिरजाला लागलं.

"शहापूरकडच्या पोरींना निवडायला शिकवत नाय वाटतं," सकुबाई पाणवठ्यावर म्हणाली. गिरजाला सुपासमोर वाकून बसलेली आपली आई आठवली. दारातल्या उजेडात एकेक दाणा बघणारी. बोल आपल्याला लागला असता तर तिनं गिळला असता. तो आईला लागला.

एके दिवशी रंगूनं भाकरी परत केली. "दगडाची भाकर नको."

गिरजानं मूठभर तांदूळ धुतले, वाळवले, तीनदा निवडले आणि सासऱ्यासमोर बसून दळले. पीठ हातावर घेऊन पुढं केलं. "चाखा मामा."

धर्मानं चिमूट तोंडात टाकली. कच् झालं. तो उठून बैल जुंपायला गेला. जात्याशेजारी गाडीत गिरजा रंगूला घेऊन बसली.

धसईला विठू अंगणात टाकी चालवत बसला होता. गाडीतलं जातं बघूनच त्यानं ओळखलं.

"दगड नरम निघाला रे, विठू," धर्मा म्हणाला.

"निम्म्यात नेलंत, धर्माबा. सस्त्यातली वस्तू परत घ्यायची रीत नाय."

धर्माला स्वतःचाच सौदा आडवा आला. तेव्हा गाडीमागून, पदर सावरत, गिरजा बोलली. "सस्त्यात दिलंत ते ओझं वाचावं म्हणून. दगड नरम हाय म्हणून सस्त्यात देतो, असं बोलला होतात का, विठूबाबा?"

टाकी थांबली. "सुनेची जीभ जात्यासारखी चांगली टाकवून घेतलीत की."

"घरी मुकी असते," धर्मा म्हणाला. "मलापण आजच कळलं."

विठूनं जात्याच्या वरच्या तळीवरून बोट फिरवलं. बोटाला खर लागली. "नव्हतो बोललो," त्यानं कबूल केलं. मग त्याचं बोट वाळलेल्या कुंकवावर थांबलं. "पण ह्याचा तर तुमी देव केलात. परत घेऊन देवाच्या अंगावर टाकी कशी घालू मी? बैल जुंपा, धर्माबा, न्या परत."

धर्मा बैल जुंपायला वळला.

झोपडीतून विठूची बायको भागी बाहेर आली. "गणपती येतो नि जातो. गौर येते नि जाते. जात्यानंच काय पाप केलंय? बोळवण करा त्याची."

तिनंच मूठभर तांदूळ आणले. गिरजानं अंगणात बसून शेवटचं दळण दळलं. दोन महिने ज्याला मनात रोज शिव्या दिल्या, त्याचा खुंटा हातात धरून ओवी म्हणताना तिचा आवाज फुटला. भागीनं खुंट्याला दही लावलं, पाणी सोडलं आणि वरची तळी बोटभर सरकवली.

"जा रे बाबा," ती म्हणाली. "सुखानं जा."

विठूनं दुसरं जातं काढलं. त्यात दळलेलं पीठ आधी स्वतः चघळलं, मग धर्माला दिलं. धर्मा बराच वेळ चावत राहिला. काही वाजलं नाही.

परतताना वाटेत सांज झाली. पळसाच्या फुलांवर ऊन कलंडलं होतं. धर्मा बैलांच्या पाठीवर हात फिरवत, त्यांनाच सांगितल्यासारखं म्हणाला, "नाचणी निवडलेलीच होती."

गिरजानं मान फिरवून डोळे पुसले. मांडीवरची रंगू झोपली असं तिला वाटलं होतं, पण ती धसईच्या बाजूला बघत होती.

"आये, त्या दगडातला देव उतरला ना?"

"उतरला गो."

"मग आज तो कुणाच्या घरी जेवल?"